फिजिक्स १ की फिजिक्स सी? खरी निवड आठवीतच होते

अमेरिकेतील आपल्या बांधवांची मुले हायस्कूलला पोहोचली की घरात प्रश्न येतो: एपी फिजिक्स १ घ्यायचे की फिजिक्स सी? आम्हालाही तो विचारला जातो.

फिजिक्स १ आणि २ बीजगणितावर चालतात. सीच्या दोन्ही पेपरांना, मेकॅनिक्स आणि विद्युत-चुंबकत्व, कॅल्क्युलस लागते. स्प्रिंगसारखे बदलते बल आले की पहिल्यात आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून कार्य मोजतात, दुसऱ्यात सरळ इंटिग्रेशन करतात. भौतिकशास्त्र तेच, हत्यार वेगळे. इंजिनिअरिंगला अनेक विद्यापीठे सीचेच क्रेडिट धरतात. ज्या त्या विद्यापीठाचा नियम आधी वाचावा. कॅल्क्युलस निदान सोबत चालू नसेल तर सीच्या वाटेला जाऊ नये, चारचौघांत सांगण्यासाठी तर मुळीच नाही.

आठवीत अल्जेब्रा १ मिळाले तर जिओमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस करत बारावीत कॅल्क्युलस येते. नववीत सुरुवात झाली की एक वर्ष कमी पडते. शिवाय कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले जास्त असलेल्या शाळांत कॅल्क्युलस कमी ठिकाणी शिकवले जाते, हे तिथल्या शिक्षण खात्याचीच आकडेवारी सांगते. जो वर्गच शाळेत नाही, त्याची निवड कसली? मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी मार खाल्लेल्या बॉब मोझेस यांनी १९८२ मध्ये अल्जेब्रा प्रोजेक्ट सुरू केला. गणित येणे हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी होती.

तेव्हा मूल सहावीत असेल तर फिजिक्सचे राहू द्या. आठवीला अल्जेब्राचा वर्ग आहे का आणि त्यात प्रवेश कसा मिळतो, हे शाळेत आत्ताच विचारा.