पदवी, परीक्षा आणि प्रत्यक्ष काम : नोकरभरतीतील कौशल्य चाचण्यांचा अर्थ

अमेरिकेत नोकरी बदलू पाहणाऱ्या अभियंत्याला किंवा लेखापालाला मुलाखतीआधी एखादी चाचणी द्यावी लागणे आता नवलाचे राहिलेले नाही. संगणक क्षेत्रात कोड लिहून दाखवावा लागतो, वित्त क्षेत्रात आकडेवारी मांडून निष्कर्ष काढावा लागतो, तर ग्राहकसेवेत नमुन्यादाखल दिलेल्या तक्रारीला उत्तर लिहावे लागते. येथील अनेक मराठी व्यावसायिकांचा या चाचण्यांशी दुहेरी संबंध येतो. स्वतःच्या बढतीसाठी किंवा नव्या नोकरीसाठी ते चाचणी देतात आणि व्यवस्थापक म्हणून हाताखालच्या पदांसाठी चाचणी घेतातही. त्यामुळे चाचणी नेमके काय मोजते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे.

एका वीजकेंद्रातील खटला

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ या खटल्यात दिले. नॉर्थ कॅरोलायनातील डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना केवळ मजूर विभागातच काम मिळे. त्या विभागातील सर्वाधिक पगार इतर विभागांतील किमान पगारापेक्षाही कमी होता. नोकरीतील वर्णभेदाला मनाई करणारी नागरी हक्क कायद्याची तरतूद २ जुलै १९६५ रोजी अंमलात आली. त्याच दिवसापासून कंपनीने मजूर विभाग वगळता अन्य विभागांतील नव्या भरतीसाठी दोन लेखी चाचण्या लागू केल्या. एक सर्वसाधारण बुद्धिमत्तेची वंडरलिक चाचणी, तर दुसरी यांत्रिक आकलनाची बेनेट चाचणी. शालान्त प्रमाणपत्राची अट आधीपासूनच होती. प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या कामगारांना पुढे याच चाचण्या उत्तीर्ण होऊन विभाग बदलण्याची मुभा मिळाली.

वरकरणी नियम सर्वांना सारखाच होता. मात्र उत्तीर्ण होण्याचे गुण असे ठरवले होते, की देशातील शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपैकी जवळपास निम्मे लोकही त्यात नापास झाले असते. शिवाय या अटी येण्यापूर्वी भरती झालेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कर्मचारी त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते आणि बढत्याही मिळवत होते. कोळसा हाताळणाऱ्याला किंवा यंत्र सांभाळणाऱ्याला त्या चाचणीतील गुणांचा उपयोग काय, हे कंपनीला दाखवता आले नाही.

सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी लिहिलेला निकाल एकमताचा होता. एखादी अट विशिष्ट समाजगटाला मोठ्या प्रमाणावर बाहेर ठेवत असेल आणि तिचा प्रत्यक्ष कामाशी संबंध सिद्ध होत नसेल, तर कंपनीचा हेतू शुद्ध असला तरी ती अट बेकायदा ठरते, असे न्यायालयाने म्हटले. चाचण्यांवर न्यायालयाने बंदी घातली नाही. चाचणीने माणसाचे अमूर्त मोजमाप न करता त्या कामासाठीची त्याची पात्रता मोजावी, एवढाच आग्रह धरला.

आकडे काय सांगतात

पुढे १९७८ साली संघराज्य शासनाने कर्मचारी निवडीसंबंधी एकसमान मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांतील ‘चार-पंचमांश’ हा ठोकताळा प्रसिद्ध आहे. समजा, एका गटातील १०० उमेदवारांपैकी ६० जण चाचणीत निवडले गेले आणि दुसऱ्या गटातील १०० पैकी ४०. दुसऱ्या गटाचे प्रमाण पहिल्याच्या सुमारे ६७ टक्के भरते. ते ८० टक्क्यांहून कमी असल्याने चाचणीची कसून तपासणी आवश्यक ठरते. हा आकडा म्हणजे भेदभावाचा पुरावा नव्हे, धोक्याची सूचना होय.

चाचणीतील गुण आणि पुढील कामगिरी यांचा संबंध शून्य ते एक या मापात मांडला जातो. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून दाखवण्याच्या चाचणीला ०.५४, तर सर्वसाधारण बुद्धिमत्ता चाचणीला ०.५१ असे मूल्य मिळाले. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी याच आकड्यांची फेरतपासणी केली. आधीच्या गणितात केलेल्या काही सुधारणा वाजवीपेक्षा अधिक होत्या, असे त्यांचे म्हणणे. नव्या हिशेबात सर्व उमेदवारांना तेच ठरावीक प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत ०.४२ मूल्यासह अग्रस्थानी आली. कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४०, कामाचा नमुना ०.३३ आणि बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर आली. केवळ अनुभवाच्या वर्षांना मात्र ०.०७ एवढेच मूल्य मिळाले.

यातून दोन गोष्टी दिसतात. जाहिरातीत ‘दहा वर्षांचा अनुभव हवा’ असे लिहिणे सोपे असले, तरी ती अट उमेदवाराविषयी फारसे काही सांगत नाही. दुसरे असे, की कोणतीही एक चाचणी एकच्या आसपासही पोहोचत नाही. म्हणून एकाच चाचणीच्या गुणांवर उमेदवार वगळण्यापेक्षा चाचणी आणि सुसूत्र मुलाखत यांची जोड अधिक भरवशाची ठरते.

पदवीची अट आणि व्हिसा

मेरीलँड राज्याने २०२२ साली हजारो शासकीय पदांसाठी चार वर्षांच्या पदवीची अट काढली. पेनसिल्व्हेनियाने २०२३ च्या आरंभी राज्य शासनातील सुमारे ९२ टक्के पदांबाबत तोच निर्णय घेतला. खासगी कंपन्यांनीही तशा घोषणा केल्या. परंतु घोषणा आणि व्यवहार यांत मोठी तफावत आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांच्या २०२४ मधील अहवालानुसार, अट काढल्यामुळे खरोखर बदललेल्या नेमणुकांचे प्रमाण ७०० मध्ये एक एवढेही नव्हते.

भारतातून आलेल्यांसाठी येथे आणखी एक मेख आहे. कंपनीने पदवीची अट सोडली, तरी एच-१बी व्हिसाचा नियम ती सोडत नाही. त्या व्हिसासाठी संबंधित विषयातील पदवी किंवा तिची समकक्षता लागतेच. तीन वर्षांच्या बी.कॉम. किंवा बी.एस्सी. पदवीची समकक्षता दाखवताना अनेकदा अनुभवाचा आधार घ्यावा लागतो. त्यात तीन वर्षांचे विशेष काम महाविद्यालयाच्या एका वर्षाबरोबर धरले जाते. उलट, पद ‘पदवीशिवायही करता येण्याजोगे’ असल्याचे कंपनीनेच जाहीर केले असेल, तर ते या व्हिसाच्या व्याख्येत बसवणे अवघड होऊ शकते. व्हिसावर असलेल्या उमेदवाराने कौशल्य चाचणीतील यशासोबत पदाच्या वर्णनाकडेही लक्ष द्यावे, ते यासाठी.

प्रशिक्षणातील चाचणी

प्रशिक्षणात चाचणीचे प्रयोजन वेगळे असते. तेथे चाळण लावायची नसते, उणीव शोधायची असते. प्रशिक्षणाआधी आणि नंतर समान काठिण्याची चाचणी घेतली, तर काय साधले ते कळते. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम या चार पायऱ्या आजही वापरात आहेत. अनेक कंपन्या मात्र ‘सत्र आवडले का?’ या पहिल्याच पायरीवर थांबतात.

चाचणी स्वतःच शिकण्याचे साधन ठरते, हे रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात दिसले. उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र वाचल्यावर स्वतःची चाचणी देणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के, तर नुसते पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले. सायबर सुरक्षेचे किंवा नियमपालनाचे वार्षिक सत्र एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने छोट्या चाचण्या घेणे त्यामुळे श्रेयस्कर.

मात्र शिकण्यासाठी घेतलेल्या चाचणीचे गुण बढतीसाठी किंवा कपातीसाठी वापरले, की तिचे रूप पालटते. मग तिलाही निवड-चाचणीचेच निकष लागू होतात. शिवाय गुण आपल्याविरुद्ध वापरले जातील या भीतीने कर्मचारी आपली उणीव झाकू लागतात, आणि चाचणीचा मूळ उपयोगच संपतो.

आजचे वळण

आता अनेक ठिकाणी चाचणी संगणक घेतो आणि गुणही तोच देतो. न्यू यॉर्क शहरात निवडीसाठी अशी स्वयंचलित साधने वापरणाऱ्यांना जुलै २०२३ पासून पक्षपाताचे स्वतंत्र लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. दुसरीकडे, एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने हेतूविना होणाऱ्या भेदभावाच्या नियमाची अंमलबजावणी मागे ठेवण्यास संघराज्य यंत्रणांना सांगितले. तथापि १९९१ साली काँग्रेसने हा नियम कायद्यातच नमूद केला असल्याने कर्मचाऱ्यांचा दाव्याचा मार्ग त्या आदेशाने बंद झालेला नाही.

चाचणी तयार करणाऱ्या व्यवस्थापकाने म्हणूनच प्रथम पदावरील रोजच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येक प्रश्न त्यांपैकी कोणत्या कामाशी जोडलेला आहे, हे लिहून ठेवावे. जेथे कामात घाई नसते तेथे चाचणीत घड्याळ लावू नये. जेथे अस्खलित इंग्रजीची गरज नसते तेथे भाषेच्या डौलाला गुण देऊ नयेत. उमेदवारानेही चाचणी काय मोजते आणि तिच्या गुणांचे पुढे काय होते, हे विनासंकोच विचारावे. ज्या कंपनीने यादी नीट केली आहे, तिला या प्रश्नाचे उत्तर देणे जड जात नाही.