जुनी सात आसनी गाडी घेताना: होंडा बीआर-व्हीचे गुणदोष

चवथ जवळ आली की गोव्यातील अनेक घरांत एकच प्रश्न उभा राहतो. पणजी, मडगाव किंवा वास्कोत नोकरीनिमित्त स्थायिक झालेले कुटुंब मूळ गावी निघते. आजी-आजोबा, आई-वडील, दोन मुले, माटोळीचे सामान आणि कपड्यांच्या बॅगा असा सगळा पसारा असतो आणि दारातली गाडी मात्र पाच आसनांची असते. मग कोणी तरी आदल्या दिवशी बसने जातो, नाही तर दोन मुले आजीच्या आणि आईच्या मांडीवर बसतात. नवी सात आसनी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या अशा घरांची नजर साहजिकच जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळते. तेथे मागणीमुळे अर्टिगाची किंमत चढी राहते, इनोव्हा तर हाताबाहेरची असते. याच बाजारात होंडाची बीआर-व्ही त्या मानाने स्वस्तात मिळून जाते. ती स्वस्त का आणि ती घेण्यात शहाणपण आहे काय, हे समजून घेण्याजोगे आहे.

बीआर-व्ही भारतात मे २०१६ मध्ये आली. त्या वेळी तिची दिल्लीतील शोरूम किंमत पावणेनऊ लाखांपासून जवळजवळ तेरा लाखांपर्यंत होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा कंपनीने ती नव्या मानकांत न आणता बंद केली. म्हणजे बाजारात मिळणारी सर्वांत नवी बीआर-व्हीसुद्धा त्या वर्षापलीकडची नाही. बंद झालेल्या गाडीला पुढे गिऱ्हाईक मिळणार नाही या धास्तीने तिचा भाव उतरतो. विकत घेणाऱ्याचा हा फायदा असला, तरी चार वर्षांनी तीच गाडी विकताना तो तोट्याच्या खात्यात जातो. गाडी सात-आठ वर्षे ठेवायचीच असेल तर हा मुद्दा गौण ठरतो. दोन वर्षांत बदलायचा बेत असेल तर अर्टिगासाठी जास्त मोजलेले पैसे बऱ्याच अंशी परत मिळतात, हे लक्षात घ्यावे.

विक्रेते हिला 'एसयूव्ही' म्हणतात. वरून पाहता तो शब्द खपतोही, कारण पुढचा चेहरा रुंद आहे, चाकांभोवती काळे प्लॅस्टिक आहे आणि छतावर रेल आहेत. प्रत्यक्षात ही २०१४ साली आलेल्या मोबिलिओ या कौटुंबिक गाडीच्याच घडणीवर उभी केलेली लांब गाडी आहे. ओढ फक्त पुढच्या चाकांना आहे. चारही चाकांना ओढ देणारी सोय कोणत्याही श्रेणीत नव्हती. चिखलाने भरलेल्या शेतवाटेवर ती जीपसारखी वागेल अशी अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होईल. तिचे बळ निराळ्या गोष्टींत आहे. एक म्हणजे साडेचार मीटरांहून थोड्या कमी लांबीत तीन रांगा बसवल्या आहेत. दुसरे, गाडीचे पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे. पावसाळ्यात खड्ड्यांची चाळण झालेल्या अंतर्गत रस्त्यांवर आणि वाड्यावाड्यांवरच्या बेढब गतिरोधकांवर ही उंची खरोखर कामी येते.

मात्र हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे. सात माणसे आणि सामान चढले की मागचा भाग खाली बसतो. आठ-नऊ वर्षे वापरलेल्या गाडीत मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर थकलेले असतील तर तो आणखी बसतो. म्हणूनच अशी गाडी एकट्याने चालवून पाहण्यात काही अर्थ नाही. ज्या कुटुंबासाठी ती घ्यायची, ते सगळे कुटुंब बसवून ती चालवावी. आजोबांना दुसऱ्या रांगेत चढता येते का, तिसऱ्या रांगेत शिरण्यासाठी दुसरी रांग झटक्यासरशी पुढे कलंडते का आणि पुन्हा जागेवर घट्ट बसते का, एसीचा गारवा मागपर्यंत पोहोचतो का, हे सारे त्या अर्ध्या तासात कळते. एसीची मागील झडप दुसऱ्या रांगेच्या वर छतात आहे. तिचा पंखा मंदावला असेल तर एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या रांगेतील माणसे घामाघूम होतात. ती रांग मुलांना आणि ठेंगण्या माणसांना पुरते. उंच माणसाचे गुडघे छातीशी येतात. सर्व रांगा वापरात असताना मागे २२३ लिटर जागा उरते, म्हणजे दोन मध्यम बॅगा. तिसरी रांग दुमडली की हीच जागा ६९१ लिटर होते. थोडक्यात, सात माणसे किंवा भरपूर सामान, यांपैकी एकच काय ते निवडावे लागते.

इंजिने दोन मिळतात आणि दोन्ही दीड लिटरची आहेत. पेट्रोल इंजिन त्या काळातील होंडा सिटीचेच. त्याची ताकद ११९ पीएस आणि ओढ १४५ न्यूटन-मीटर आहे. सिटी गोव्यात घरोघर असल्याने त्याचे सुटे भाग आणि ते उघडून पाहिलेले मेकॅनिक, दोन्ही सहज सापडतात. ते गुळगुळीत चालते. तथापि त्याची ओढ इंजिन वेगाने फिरू लागल्यावरच लागते. त्यामुळे भरलेली गाडी चोर्ला घाटात चढवताना गिअर खाली टाकावे लागतात आणि आवाज वाढतो. हा दोष नव्हे, त्या इंजिनाचा स्वभाव आहे. डिझेल इंजिन १०० पीएसचे असले तरी २०० न्यूटन-मीटरची ओढ १७५० फेऱ्यांतच देते. घाटात ते सहज चढते आणि कंपनीच्या दाव्यानुसार लिटरला २१.९ किलोमीटर अॅव्हरेज देते, पेट्रोल मॅन्युअलचा दावा १५.४ चा आहे. दाव्याइतके अॅव्हरेज रोजच्या रस्त्यावर कोणाला मिळत नाही, पण दोहोंतील अंतर खरे आहे. डिझेलचा खडखडाट मात्र आत ऐकू येतो, आणि जुन्या गाडीत तो अधिकच.

दर आठवड्याला बेळगावला ये-जा करणाऱ्याने डिझेलचा विचार करावा. पर्वरीहून पणजी आणि पणजीहून पर्वरी एवढाच रोजचा फेरा असणाऱ्याने करू नये. छोट्या, अडखळत्या प्रवासात डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, काजळी साचत जाते आणि इंधनावर वाचलेले पैसे इंजेक्टर आणि टर्बोच्या दुरुस्तीत जातात. पेट्रोलबाबत आता वीस टक्के इथेनॉलची शंका विचारली जाते. १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या आपल्या गाड्यांतील साहित्य अशा पेट्रोलला चालते, असे होंडाने जाहीर केले आहे. अॅव्हरेज किंचित घटेल, एवढे गृहीत धरावे.

पेट्रोलमध्ये सीव्हीटी हा ऑटोमॅटिक पर्यायही आहे. त्यात ठरावीक गिअर नसतात. दोन पुलींवरून धातूचा पट्टा फिरतो आणि तो ज्या व्यासावर बसतो तो सतत बदलत राहतो. म्हापशाच्या बाजारातील कोंडीत यासारखे सुख नाही. परंतु त्याचे आयुष्य त्यातील ऑइलवर अवलंबून असते आणि ते ऑइल होंडाच्या विशिष्ट प्रतीचेच लागते. वेळेवर ऑइल बदलल्याची नोंद नसेल तर सीव्हीटी गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी. चाचणीत थंड इंजिनावर, चढणीवर, अगदी हळू निघताना गाडी थरथरते का, हे पाहावे. थरथरत असेल तर 'ऑइल बदलले की जाईल' हे विक्रेत्याचे आश्वासन त्यानेच ऑइल बदलून खरे करून दाखवावे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. सुरुवातीच्या काळातील खालच्या श्रेणीच्या काही गाड्यांत एअरबॅग किंवा एबीएस नव्हते. याचे गांभीर्य कळण्यासाठी मोबिलिओकडे पाहावे. ग्लोबल एनकॅपने २०१६ मध्ये तिची भारतीय आवृत्ती धडकवून पाहिली. एअरबॅग नसलेल्या गाडीला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या गाडीला तीन. गाडी तीच, फरक एअरबॅगांचा. मुलाबाळांना घेऊन फिरण्यासाठी घेतलेल्या गाडीत पन्नास हजार वाचवण्यासाठी ही श्रेणी पत्करणे समर्थनीय नाही. ज्या गाडीत एअरबॅग आहेत, तिथेही इग्निशन चालू करताच डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागत नसेल तर कोणी तरी तो बिघाड लपवला असण्याचा संशय घ्यावा. तिसऱ्या रांगेतील पट्टे बहुधा वर्षानुवर्षे न वापरता पडलेले असतात. ते पूर्ण ओढून, अडकवून आणि हिसका देऊन पाहावेत. ही रांग मागच्या दाराला लागून आहे, याचे भान मुलांना तेथे बसवताना असावे.

बीआर-व्हीची म्हणून जी पारख आहे ती येथे संपते. पुढची पारख त्या एका गाडीने आजवर कसे दिवस काढले याची, आणि गोव्यात तीच अधिक मोलाची. मीटरवरील किलोमीटर मागे फिरवता येतात, गंज मागे फिरवता येत नाही. कळंगुट, कोलवा किंवा दोना पावलाजवळ उघड्यावर उभी राहिलेली, कमी चाललेली गाडी फोंड्यातील छपराखालच्या, दुप्पट चाललेल्या गाडीहून वाईट अवस्थेत असू शकते. खारा वारा वरच्या रंगाला फारसे काही करत नाही, तो खालून खातो. म्हणून गाडी रॅम्पवर चढवूनच पाहावी. मागचा अॅक्सल, सस्पेन्शन जेथे जोडले जाते त्या जागा, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या नीट पाहाव्यात. खाली ताजे काळे कोटिंग मारलेले असेल तर ते का मारले, हे विचारावे. मागचे ब्रेक ड्रमचे आहेत. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत ते धरून बसतात, तेव्हा हँडब्रेक सोडल्यावर मागची चाके मोकळी फिरतात याची खात्री करावी.

पाण्यात गेलेली गाडी ओळखणे त्याहून कठीण. जुलै २०२१ मध्ये सत्तरी-डिचोलीत पूर आला, त्याच आठवड्यात चिपळूण आणि कोल्हापूरकडेही. अशा गाड्या धुऊन, सुगंध फवारून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला की शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते, कारण तेवढा भाग धुवायला कोणी जात नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरील गंज, गालिच्याखालचा ओलावा आणि फ्यूजच्या पेटीतील मातीचा थर हेही साक्षीदार असतात. यांपैकी दोन गोष्टी आढळल्या तर भाव करत बसू नये. वायरिंगमधील पाणी सहा महिन्यांनीही त्रास देते.

रेंट-अ-कॅब म्हणून फिरलेल्या गाड्या ही आणखी एक खास गोव्याची गोष्ट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या अशा गाड्या खासगी करून विकता येतात आणि त्यात बेकायदा काही नाही. पण तीन-चार वर्षे दर आठवड्याला नव्या पर्यटकाने क्लच घासलेली गाडी घरगुती भावाने का घ्यावी? वाहतूक खात्याच्या नोंदीत गाडीचा वर्ग कधी बदलला ते दिसते, तेवढे पाहावे. गुळगुळीत झालेली पेडलची रबरे आणि झिजलेले स्टीअरिंगही तीच कथा सांगतात. टायरच्या कडेवरील चार अंकी आकडाही वाचावा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी एवढे जुने रबर कडक झालेले असते आणि पावसात पकड सोडते. १६ इंचांचे चार टायर बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच बोली करावी.

होंडाने २०२० पासून भारतात इंधन पंपाच्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या, त्यांत २०१८ मध्ये बनलेल्या काही बीआर-व्हीही होत्या. या दोषात गाडी चालता चालता बंद पडू शकते. पंप फुकट बदलून मिळतो, पण अनेक मालक त्यासाठी गेलेच नाहीत. चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की त्या गाडीचे काम बाकी आहे की झाले, ते समजते. व्यवहारापूर्वी ही पाच मिनिटे जरूर द्यावीत.

कागदपत्रांत महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील गाडी असेल तर मूळ कार्यालयाची एनओसी आणि येथे भरावा लागणारा रस्ता कर हा खर्च आधीच विचारून घ्यावा. तो धरल्यावर 'स्वस्त' गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. कर्ज फिटले असले तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, तो उतरवण्याची जबाबदारी विक्रेत्याची. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस नव्या मालकाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा हप्ता नव्याने मोजावा लागतो. आणि नाव बदलण्याचे काम एजंटवर सोडून स्वस्थ बसणे विक्रेत्यालाही परवडणारे नाही. अपघात झाल्यास नोंदीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. त्यामुळे पूर्ण रक्कम देण्याघेण्याआधी दोघांनी मिळून अर्जांवर सह्या करून ते खात्यात दाखल करावेत आणि पावतीची प्रत दोघांनीही जवळ ठेवावी.