विश्लेषण : लॅपटॉप सारखा हँग होतो? खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी किंवा घरून काम करण्यासाठी घेतलेले लॅपटॉप आता पाच-सहा वर्षांचे झाले आहेत. सुरू व्हायला दहा मिनिटे, फाइल उघडायला दोन मिनिटे आणि मध्येच स्क्रीन गोठणे, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. सल्ले मात्र ठरलेले असतात. कुणी म्हणतो फॉरमॅट मारा, कुणी म्हणतो रॅम वाढवा, कुणी सरळ नवा घ्यायला सांगतो. तिन्ही सल्ले कधी ना कधी बरोबर ठरतात. पण दोष न शोधता दिलेला सल्ला म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

संथ होणे आणि हँग होणे एकच का?

नाही. पहिला फरक इथेच करायला हवा. माउसचा बाण फिरतो आहे, पण प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो, तर लॅपटॉप कशाची तरी वाट पाहतो आहे. बाणही हलत नसेल, तर कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा (किंवा स्क्रीनवरची खूण) चालू-बंद होत असेल तर यंत्र आतून जिवंत आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी गोठलेली स्क्रीन सुटते. दिवाही प्रतिसाद देत नसेल, तर पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून धरण्यावाचून पर्याय नाही. मात्र ती रोजची सवय होऊ देऊ नये. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तुटली, तर फाइल खराब होऊ शकते.

दुरुस्तीआधी काय करावे?

महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. प्रकल्प अहवाल, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशेब, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. वारंवार हँग होणे हे अनेकदा डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याचे लक्षण असते. अशा डिस्कवर तपासणीचे किंवा ‘रिपेअर’चे प्रोग्रॅम तासन्‌तास चालवले, तर ती त्या श्रमानेच बंद पडू शकते. आतून टकटक असा आवाज येत असेल तर कोणतीही चाचणी नको. लॅपटॉप बंद करून डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कवरचा मजकूर आपोआप कुलूपबंद केलेला असतो. दुरुस्तीनंतर लॅपटॉप ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागू शकतो. हा ४८ आकडी क्रमांक बहुतेक वेळा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेला असतो. तो आधीच वहीत लिहून ठेवावा. तो सापडला नाही, तर डिस्क धडधाकट असूनही फाइल गेल्यातच जमा.

दोष कुठे आहे, हे कसे कळेल?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. लॅपटॉप रखडलेला असतानाच ते पाहायचे. ठणठणीत असताना पाहून उपयोग नाही. सुरू केल्यावर लगेचचा आकडाही धरू नये, कारण तेव्हा अँटिव्हायरस, अपडेट आणि शोधसूची यांची एकच झुंबड उडालेली असते. पंधरा-वीस मिनिटांनंतर आपण काहीही करत नसताना जो आकडा शंभराजवळ चिकटून बसला आहे, तपास तिथून सुरू करावा.

डिस्क १०० टक्के म्हणजे डिस्क भरली का?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. हा आकडा भरलेल्या जागेचा नसून वेळेचा आहे. डिस्कला क्षणाचीही उसंत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे शेजारी वेग पाहिला तर तो सेकंदाला एक-दोन एमबी इतकाच असतो. डिस्क पूर्ण व्यग्र आणि काम मात्र नगण्य, हे कसे?

उत्तर जुन्या हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. तिच्यात खरोखरच एक तबकडी फिरत असते. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचायची तर वाचक दांडी योग्य कड्यावर न्यायची आणि तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचे. एकच मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर ही डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइल वेगवेगळ्या जागांवरून लागतात. तेव्हा दांडी नुसती येरझारा घालते आणि सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास हेलपाटे होतात.

एसएसडीत तबकडी नाही, दांडी नाही, फक्त चिप असतात. तिथे अशा बारीक मागण्या सेकंदाला हजारोंनी पूर्ण होतात. त्यामुळे हार्ड डिस्क असलेल्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणे हा सर्वाधिक फरक पाडणारा खर्च आहे, प्रोसेसर तोच राहिला तरीही. आपल्याकडे काय आहे, हे टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात डिस्कखालीच लिहिलेले असते.

एसएसडी असूनही लॅपटॉप रखडत असेल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मोकळी जागा. दहा-पंधरा टक्के तरी रिकामी हवी, कारण काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते. दोन, डिस्कची प्रकृती. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच केलेल्या नोंदी वाचून ती चांगली, सावध राहण्याजोगी की खराब, ते सांगतो. सावधगिरीचा पिवळा रंग दिसला तर डिस्क बदलायचीच. त्या डिस्कवर विंडोज नव्याने टाकण्यात अर्थ नाही.

मग रॅम वाढवून काहीच होत नाही का?

होते, पण रॅम कमी पडत असेल तरच. चार जीबी रॅमपैकी जवळपास निम्मी विंडोजच व्यापते. उरलेल्या जागेत क्रोमचे दहा टॅब, त्यात एखादी व्हिडिओ मीटिंग. रॅम संपली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. म्हणजे तुटवडा रॅमचा आणि धावपळ डिस्कची. म्हणून डिस्कचा आकडा पाहताना मेमरीचाही पाहावा. ती सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर आठ जीबी करण्यात अर्थ आहे. ती ५० टक्क्यांवर असेल तर रॅमवरचा खर्च वाया. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. आधी मॉडेल तपासावे.

सकाळी बरा, दुपारी संथ असे का?

हे उष्णतेचे लक्षण. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत असावे, असे माहितीपत्रकात सांगतात. चंद्रपूर, अकोला किंवा जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याखालच्या किंवा पंख्याच्या खोलीत ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. वर लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची हवेची भोके बुजलेली आणि आत पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग गिगाहर्ट्झमध्ये दिसतो. काम जोरात चालू असताना तो ‘बेस स्पीड’पेक्षा बराच खाली बसला असेल, तर संशय उष्णतेवर. पंखा साफ करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे तासाभराचे काम आहे. चार्जरही तपासावा. काही लॅपटॉप ओळख न पटलेल्या चार्जरवर मुद्दाम कमी वेगाने चालतात. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचे झाकण फुगले असेल, तर तो बॅटरीचा दोष आहे आणि धोका आगीचा. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नये.

रोज बंद करतो, तरी फरक का पडत नाही?

कारण विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शटडाउन’ म्हणजे सहसा पूर्ण बंद होणे नसते. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. अडकलेला ड्रायव्हरही तसाच परत येतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. फुकटातला हा उपाय आधी करावा. त्यासोबत स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद करावेत आणि दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. वेग वाढवण्याचे वचन देणारे ‘बूस्टर’ बहुधा स्वतःच ओझे होतात.

यानंतरही लॅपटॉप गोठत राहिला, तर तो सेफ मोडमध्ये चालवून पाहावा. तिथे सुरळीत चालला तर दोष ड्रायव्हर किंवा एखाद्या प्रोग्रॅमचा. तिथेही गोठला तर बहुधा यंत्राचा. स्टार्ट मेन्यूमध्ये ‘रिलायबिलिटी’ शोधल्यास बिघाडांची तारीखवार यादी मिळते. गोठणे कोणत्या अपडेटनंतर सुरू झाले, हे तिच्यातून अनेकदा उघड होते.

‘तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी खिडकी अचानक स्क्रीनभर पसरली, तर ते हँग होणे नसून फसवणूक आहे. फोन करू नये, कुणालाही दुरून लॅपटॉपचा ताबा देऊ नये. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जाहीर झाली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ ते तपासून देते. लॅपटॉप या कसोटीत बसत असेल, तर एसएसडी आणि आठ जीबी रॅमवर तो आणखी काही वर्षे नीट चालेल. बसत नसेल आणि काम ब्राउझरपुरतेच असेल, तर लिनक्स मिंट हा चांगला मार्ग आहे. मात्र डिजिटल सहीचे डोंगल किंवा विंडोजसाठीच बनलेले अकाउंटिंगचे सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर त्या वाटेला न जाणे बरे. मदरबोर्ड गेला असेल, तर जुन्या यंत्रावर पैसे घालू नयेत.

दुकान मुंबईतले लॅमिंग्टन रोडचे असो, पुण्याच्या तपकीर गल्लीतले असो की तालुक्याच्या गावातले, तिथे नुसते ‘हँग होतो’ म्हणू नये. ‘अर्ध्या तासानंतरही डिस्क शंभर टक्के, मेमरी पन्नास, डिस्क हार्ड डिस्क आहे’ असे सांगावे, जमल्यास टास्क मॅनेजरचा फोटो दाखवावा. जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या एसएसडीवर जसेच्या तसे उतरवून देणार की विंडोज नव्याने टाकणार, हे आधी विचारावे. आणि काढलेली हार्ड डिस्क मागून घ्यावी. ती चालू असेल तर यूएसबीच्या छोट्या डबीत बसवून फाइलच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरता येते. बंद पडली असेल, तरी तिच्यावर आपली कागदपत्रे असतातच.