पडद्यामागचा मनोरा

गेल्या हिवाळ्यात एका गावच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. मैदानावर रंगमंच उभारला होता. नाटक ऐतिहासिक होते आणि मागे मुलांनी स्वतः रंगवलेला गडाचा पडदा होता. बुरूज, तटबंदी, दिंडी दरवाजा, सारे काही अगदी झोकात जमले होते. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मावळे दोर लावून गड चढू लागले आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगांतून हशा पिकला. आम्हा पुढच्यांना कारण कळेना. नाटक बसवणाऱ्या बाई तर रडवेल्या झाल्या. दोन महिने त्यांनी त्या प्रसंगावर मेहनत घेतली होती.

मध्यंतरात मी मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा उलगडा झाला. गडाच्या बरोबर माथ्यावर मैदानापलीकडचा मोबाइलचा मनोरा डोकावत होता आणि त्याच्या शेंड्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता! पहिल्या रांगेत सतरावे शतक चालू होते, शेवटच्या रांगेत एकविसावे.

मित्रांनो, हे असे का व्हावे? कागद-पेन्सिल घ्या. पडद्याची वरची कड जमिनीपासून ५ मीटर उंच होती असे समजा. खाली बसलेल्या मुलाचे डोळे १ मीटर उंचीवर येतात. मनोरा ४० मीटर उंच आणि पडद्याच्या मागे १२० मीटरवर आहे. पहिली रांग पडद्यापासून ६ मीटरवर. डोळ्यापासून निघून पडद्याच्या कडेला स्पर्श करत जाणारी रेषा, म्हणजेच दृष्टिरेषा, ६ मीटर अंतरात ४ मीटर चढते. हीच रेषा पुढे मनोऱ्यापर्यंत वाढवा. समरूप त्रिकोणांच्या नियमाने १२६ मीटरवर ती ८४ मीटर चढलेली असेल. त्यात डोळ्यांची १ मीटर उंची मिळवली की झाले ८५ मीटर. चाळीस मीटरचा मनोरा तिच्या कितीतरी खाली राहिला. तो दिसणार कसा?

आता शेवटच्या रांगेत, ३० मीटरवर जा. तीच रेषा आता ३० मीटरांत ४ मीटर चढते. मनोरा आता १५० मीटरवर आहे. तिथे तिची उंची २० अधिक १, म्हणजे अवघी २१ मीटर भरते. मनोऱ्याचा वरचा १९ मीटरांचा भाग उघडा पडला! नेमक्या कितव्या मीटरपासून शेंडा दिसू लागला असेल, ते तुम्हीच काढा. माझे उत्तर चौदा मीटरच्या जरासे आत येते.

‘उंची व अंतरे’ या प्रकरणातील दीपगृहाची आणि होडीची उदाहरणे सोडवून तुम्ही कंटाळला असाल. पण हेच गणित मांडून अब्जावधी रुपयांच्या वास्तू उभ्या करणारे लोक जगात आहेत, आणि ते गणित चुकले किंवा त्याकडे काणाडोळा केला की त्यांचीही गत त्या बाईंसारखीच होते. हे लोक म्हणजे थीम पार्कचे रचनाकार.

थीम पार्क ही साधी जत्रा नव्हे. जत्रेत आकाशपाळण्याशेजारी मौत का कुआँ, त्याला लागून भज्यांचे दुकान, असे चालते. तिथे कुणी दुसऱ्याच्या कथेत लुडबुड करत नाही, कारण कथाच नसते. थीम पार्कच्या प्रत्येक विभागाला मात्र एक कथासूत्र असते. वॉल्ट डिस्नी यांचे ‘डिस्नीलँड’ १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम या गावी उघडले. त्यात जुन्या अमेरिकी गावाचा रस्ता, जंगलसफरीचा विभाग, सरहद्दीवरच्या वसाहती, परीकथांचे राज्य आणि उद्याचे जग, असे पाच विभाग होते. एका विभागातून दुसऱ्यात जाताना नाटकाचा अंक बदलावा तसे वाटले पाहिजे, अशी योजना. त्यासाठी पहिले काम म्हणजे बाहेरचे जग झाकणे. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालण्यात आला आणि त्यावरून वाफेची छोटी आगगाडी धावू लागली. बांध फार उंच असण्याची गरज नव्हती. तो पाहणाऱ्याच्या जवळ असला की पुरे, हे आपण आत्ताच पाहिले.

पण नुसते झाकून भागत नाही. माणसांना पुढे ओढून नेणारे काहीतरी दिसावेही लागते. डिस्नी अशा नजरेत भरणाऱ्या वास्तूंना गमतीने ‘वीनी’ म्हणत. वीनी म्हणजे सॉसेज. कुत्र्यापुढे सॉसेज धरून चालू लागावे आणि कुत्र्याने मागोमाग यावे, तसा रस्त्याच्या टोकाला उंच किल्ला दिसला की पाहुणे आपोआप तिकडे चालू लागतात. पाटी लावावी लागत नाही. सासवडहून जेजुरीला जाताना गड दिसू लागला की थकलेल्या पायांना जोर येतो, त्यातलाच हा प्रकार.

डिस्नीलँडचा हा किल्ला किती उंच असेल? फक्त ७७ फूट, म्हणजे साडेतेवीस मीटर. सात-आठ मजली इमारतीएवढाच! तरी तो बराच उंच वाटतो. आपल्या डोळ्याला वस्तूची उंची कळत नाही, तिने डोळ्यापाशी केलेला कोन तेवढा कळतो. दोन डोळ्यांतील सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतरामुळे जवळच्या वस्तूंचे अंतर नीट उमगते; पण काही शे मीटरांपलीकडे या सोयीचा फारसा उपयोग होत नाही. तिथे मेंदू अनुभवावर विसंबतो. खिडकी म्हणजे माणसाएवढी, दगड म्हणजे हातभर, आणि लहान दिसणारी वस्तू म्हणजे दूरची, असे त्याचे आडाखे ठरलेले असतात. रचनाकारांनी याचाच फायदा घेतला. किल्ल्याचे खालचे दगड मोठे, वरचे लहान ठेवले आणि मनोरे वर वर निमुळते केले. मेंदू समजतो, वरचा भाग फार दूर आहे, म्हणजेच फार उंच आहे. १९५९ मध्ये तिथे आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभी राहिली. मूळ शिखर सुमारे ४,४७८ मीटर, प्रतिकृती ४५ मीटर, म्हणजे शंभरावा हिस्सा. तिच्यावर जितके वर जावे तितकी झाडे ठेंगणी लावलेली आहेत. याला कुणी फसवणूक म्हणेल. मग आपल्या चित्रकलेच्या सरांनाही तोच आरोप लागू होईल.

इथवर सारे ठीक. अडचण पुढेच आहे. वास्तू उंच असली की ती आपल्या विभागापुरती दिसत नाही, सगळीकडून दिसते. ज्या ज्या जागेवरून ती दिसते, त्या त्या जागेच्या कथेत तिला पात्र म्हणून यावेच लागते, रचनाकाराची इच्छा असो वा नसो. आमच्या मोबाइलच्या मनोऱ्याने नाही का मावळ्यांच्या नाटकात काम केले!

याचे उत्तम उदाहरण फ्लोरिडा राज्यातील ‘एपकॉट’ या उद्यानात सापडते. ते १९८२ साली उघडले. त्याच्या एका भागात मोठ्या तळ्याभोवती निरनिराळ्या देशांची दालने मांडली आहेत. तळे सुंदर आहे. पण आपले गणित आठवा. झाकणारी वस्तू पाहणाऱ्याच्या जवळ हवी. तळ्याकाठी उभे राहिले की समोर पाणीच पाणी, जवळ आडोसा कुठलाच नाही. म्हणजे तळ्याकाठचा प्रत्येक पाहुणा शेवटच्या रांगेत बसलेला! फ्रान्सच्या दालनावर आयफेल मनोऱ्याची छोटी प्रतिकृती, मूळच्या सुमारे एक दशांश, अशी बसवली आहे की खरा मनोरा दूरवर उभा असल्याचा भास व्हावा. छान जमते. मात्र तिच्यावर एखादा पक्षी येऊन बसला की संपले. पक्षी केवढा असतो हे मेंदूला ठाऊक आहे. एका क्षणात सगळे प्रमाण उघडे पडते.

१९९० साली याच उद्यानाच्या जवळ ‘डॉल्फिन’ नावाचे हॉटेल झाले. वास्तुविशारद होते मायकेल ग्रेव्ह्ज. उंची २५७ फूट, म्हणजे सुमारे ७८ मीटर, आणि माथ्यावर प्रचंड माशांचे पुतळे. हॉटेल म्हणून ते प्रसिद्धीस आले. पण तळ्याकाठी काही ठिकाणांहून पाहिले तर युरोपातल्या कौलारू छपरांमागे ते ठाण मांडून बसलेले दिसते. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि माझ्या मते ती रास्त होती.

चारच वर्षांनी, १९९४ मध्ये, शेजारच्या दुसऱ्या उद्यानात १९९ फूट उंचीची एक वास्तू उभी राहिली. १९३० च्या दशकातील हॉलिवूडमधले, वीज कोसळून ओसाड पडलेले हॉटेल, अशी तिची कथा. आत उद्वाहक आहे आणि तो माणसांसकट वरून खाली झेप घेतो. आता ही वास्तू एपकॉटच्या तळ्याच्या पलीकडच्या काठावरूनही दिसते. अंतर दीड-दोन किलोमीटरच्या घरात. १,८०० मीटर धरा. उंची ६० मीटर. कोन किती? ६० भागिले १,८००, म्हणजे एक तीसांश रेडियन, जवळजवळ दोन अंश. हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा. त्याची रुंदी साधारण तेवढाच कोन करते. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, तेव्हा हा ऐवज चार चंद्रांच्या उतरंडीएवढा झाला. दुर्लक्ष होण्याजोगा नक्कीच नाही.

गंमत अशी, की तिथून पाहताना ही वास्तू नेमकी मोरोक्कोच्या दालनामागे येते. रचनाकारांनी हे आधीच हेरले. हॉटेलचा रंग आणि माथ्याची घडण त्यांनी अशी ठेवली, की ती मोरोक्कोच्या मनोऱ्यांच्या पंगतीत खपून जावी. त्यात ओढाताणही झाली नाही. स्पेनच्या मोठ्या भागावर अनेक शतके उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मूर लोकांची सत्ता होती. स्पेनची बांधणी पुढे कॅलिफोर्नियात गेली, आणि हॉलिवूडची कित्येक जुनी हॉटेले त्याच धाटणीची. दूरच्या नात्यातली माणसे एका छायाचित्रात आली, इतकेच.

उंची १९९ फूटच का, २०० का नाही? अमेरिकेत २०० फुटांहून उंच वास्तूंवर विमानांच्या सुरक्षेसाठी साधारणपणे इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. ओसाड हॉटेलच्या माथ्यावर तांबडा दिवा लुकलुकू लागला तर? आमच्या मागच्या रांगेला विचारा! म्हणून १९७१ मधील सिंड्रेलाचा किल्ला १८९ फुटांवर थांबला आणि २००६ मध्ये फ्लोरिडातच उघडलेला हिमालयाचा कृत्रिम पर्वत १९९.५ फुटांवर.

हा पर्वत आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. तो ज्या विभागात आहे तिथल्या काल्पनिक राज्याचे नावच ‘आनंदपूर’ आहे. पर्वताचे सर्वांत उंच शिखर म्हणजे एव्हरेस्ट असेल असे वाटते ना? तसे नाही. पुढचे उंच शिखर काल्पनिक आहे. एव्हरेस्ट म्हणजे बाजूचे, त्याहून ठेंगणे शिखर. ठेंगणे म्हणून ते दूर वाटते, आणि दूर असूनही एवढे दिसते म्हणून प्रचंड वाटते. साठ मीटरांत ८,८४९ मीटर बसवायचे तर दुसरा उपाय काय? जो रोड या रचनाकाराच्या नेतृत्वाखाली हे काम झाले.

आणि याच जो रोड यांचे नाव दुसऱ्या एका वास्तूशीही जोडलेले आहे. कॅलिफोर्नियात डिस्नीलँडशेजारच्या उद्यानात २००४ साली त्या ओसाड हॉटेलचा १८३ फुटांचा धाकटा भाऊ बांधला गेला. २०१२ मध्ये त्याच उद्यानाच्या प्रवेशापाशी १९२० च्या दशकातल्या लॉस एंजेलिसचा रस्ता तयार झाला. रस्त्याच्या छपरांवरून हॉटेल डोकावे, पण बोचत नसे. दोघेही एकाच शहराचे, जवळजवळ एकाच काळाचे. २०१७ मध्ये त्या हॉटेलला नळकांडी आणि धातूचे पत्रे यांचा साज चढवून अंतराळवीरांच्या चित्रपटातील गढी बनवण्यात आले. आतला खेळ लोकप्रिय झाला. पण प्रयोगशाळेत आपण एकच राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तसा हा प्रयोग आपसूक घडला. जागा तीच, उंची तीच, दृष्टिरेषा तीच, फक्त रूप बदलले. जुन्या ट्रामच्या रस्त्यामागे आता अंतराळातली गढी उभी आहे. रस्त्याचा एक दगडही कुणी हलवला नव्हता, तरी त्याची कथा बिघडली.

तुम्हाला हे पडताळायचे असेल तर कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एक नट लोंबता सोडा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून शाळेच्या पाण्याच्या टाकीचा माथा पाहा आणि दोरा ९० अंशांच्या खुणेपासून किती सरकला ते मोजा. तोच चढणीचा कोन. मैदानात मागे मागे जात दर पाच मीटरांवर मोजा, आणि कुठून कोणती वास्तू कशाच्या मागून वर येते त्याचा नकाशा काढा.

असा एक नकाशा काढून मी त्या शाळेच्या बाईंना पाठवला. रंगमंच पूर्वेच्या कुंपणाला लावा, मागे चिंचेचे मोठे झाड आहे, मनोरा कुठूनही दिसणार नाही, असे सुचवले. बाईंचे उत्तर आले: “सर, गणित बरोबर आहे. पण यंदा नाटक आरमाराचे बसवले आहे. भर समुद्रात चिंचेचे झाड कसे चालेल?”