नजर पडद्यावर, बोटं चाकावर

चेंडू यष्टीला लागतो, फलंदाज पोचला की नाही यावर घराघरांत वाद पेटतो, आणि वाद रंगायच्या आत तोच क्षण तीन-चार कोनांतून संथ गतीने टीव्हीवर हजर होतो. हे काम कुणी केलं? कॅमेरामनने चित्र टिपलं, हे खरंच. पण ढिगाऱ्यातून नेमका क्षण शोधून तो योग्य वेगाने सोडणारा माणूस मैदानाबाहेरच्या ओबी व्हॅनमध्ये (थेट प्रक्षेपणाच्या गाडीत) बसलेला असतो. त्याच्यापुढे एक पॅनेल असतं. त्यावर फिरवायचं चाक, वेग कमी-जास्त करायचा दांडा आणि बटणांच्या रांगा. सॉफ्टवेअर कितीही आधुनिक होवो, सामना सुरू असताना हा माणूस माउस शोधत बसत नाही. क्रीडा प्रक्षेपणातली ही माझी सर्वांत आवडती जागा. तिथल्या काही खुमासदार गोष्टी ऐकाच.

अर्ध्या टनाचं यंत्र आणि ‘बीप’

तारीख 7 डिसेंबर 1963. अमेरिकेत फिलाडेल्फियाला लष्कर विरुद्ध नौदल असा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येमुळे तो आठवडाभर पुढे ढकलला गेला होता. सीबीएस वाहिनीचा तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना याने अर्ध्या टनाहून जड असं अँपेक्स कंपनीचं व्हिडिओ टेप यंत्र मैदानावर आणवलं. टेप मागे नेता येत होती, पण हवा तो क्षण नेमका कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. व्हर्नाने युक्ती काढली. टेपच्या ध्वनिपट्टीवर त्याने ‘बीप’ नोंदवले आणि कानांनी ऐकून जागा शोधली. आधीचे प्रयत्न फसले, शेवटच्या टप्प्यात एकदाच जमलं. लष्कराच्या रॉली स्टिचवेने गुण मिळवला होता, तोच पुन्हा दाखवला गेला आणि तोही नेहमीच्याच वेगात, कारण संथ गतीची सोयच नव्हती. समालोचक लिंडसे नेल्सनला घाईघाईने सांगावं लागलं की हे थेट चित्र नाही, लष्कराने पुन्हा गुण मिळवलेला नाही. बहुतेक प्रेक्षकांनी असं काही त्याआधी पाहिलेलं नव्हतं!

1967 मध्ये अँपेक्सनेच एचएस-100 आणलं. टेपऐवजी फिरती चुंबकीय तबकडी, तिच्यावर जेमतेम 30 सेकंदांचं चित्रण. पण संथ गती आणि चित्र जागीच गोठवणं ही दोन्ही कामं त्यात चुटकीसरशी होऊ लागली. वेग हाताने ठरवायचा असतो ही गोष्ट तेव्हापासून रुजली.

बेल्जियमचं पॅनेल जगभर

1994 मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात पिएर लोस्ट आणि लोराँ मिंगे यांनी ईव्हीएस नावाची कंपनी काढली. टेपला रजा देऊन हार्ड डिस्कवर रिप्ले करायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या ‘लाइव्ह स्लो मोशन’ यंत्रणेने टीव्हीच्या खेळांचा चेहरामोहरा बदलला. टेपयंत्रात मागे जायचं तर चित्रण थांबवावं लागे. इथे यंत्र मागचं दाखवतानाही पुढचं टिपतच राहतं. त्यामुळे रिप्ले चालू असताना षटकार बसला तरी तो हुकत नाही. कंपनीचा इतका दबदबा, की रिप्ले चालवणाऱ्या माणसाला या धंद्यात थेट ‘ईव्हीएस ऑपरेटर’ म्हणतात, आपल्याकडेही.

त्या पॅनेलवर हात कसा चालतो ते जरा जवळून बघा. चाक उलटं फिरवायचं, चित्र मागे सरकतं. चेंडू हातातून सुटायच्या जरा आधी ‘इन’ दाबायचं, पुढे जाऊन ‘आउट’. झाली क्लिप तयार. मग फंक्शनचं एक बटण दाबून तिला जागा द्यायची. या जागांचे पत्ते असतात: पान, कप्पा, क्रमांक आणि कॅमेऱ्याचं अक्षर. ‘111ए’ म्हणजे पहिल्या पानाच्या पहिल्या कप्प्यातली पहिली क्लिप, कॅमेरा ए वरची. मुरलेला ऑपरेटर हे पत्ते तोंडपाठ ठेवतो. दुपारी सुटलेला झेल संध्याकाळी दिग्दर्शकाने मागितला, तर त्याची बोटं थेट त्या बटणावर जातात. हार्मोनियम वाजवणारा पट्ट्यांकडे बघत नाही, तसा हाही बटणांकडे बघत नाही. नजर पडद्यांवर, कान दिग्दर्शकाच्या आवाजाकडे. माउसने हे जमणार नाही, कारण बाण कुठे आहे ते बघायला नजर आधी तिकडे वळवावी लागते.

‘चालू हो’ म्हणायला फक्त तीन बाइट

आजच्या रिप्ले यंत्रणेतून चित्रांचा महापूर वाहतो. पण पॅनेलकडून यंत्राकडे जाणारा हुकूम मात्र इवलासा. सोनीने टेपयंत्रांसाठी बनवलेली ‘नऊ पिनांची’ नियंत्रण भाषा अजून जिवंत आहे. तिच्यात ‘प्ले’ म्हणायचं तर 20, 01, 21 असे तीनच बाइट पाठवायचे. शेवटचा बाइट आधीच्या दोघांची बेरीज, म्हणजे वाटेत गडबड झाली तर यंत्राला लगेच कळतं. वेग सेकंदाला 38,400 बिट. मोबाइलच्या जमान्यात हा वेग हास्यास्पद वाटेल, पण बोटाने दाबलेलं बटण पोचवायला तो भरपूर होतो. टेपयंत्रं भंगारात गेली, त्यांची भाषा राहिली!

दांडा ओढला आणि ग्रह फुटला

वेगाच्या दांड्याचा भाऊबंद म्हणजे व्हिजन मिक्सरवरचा ‘टी-बार’. एका चित्रातून दुसऱ्यात अलगद जायला तो ओढतात. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये डेथ स्टार या अवकाशतळाचं ग्रह फोडणारं महाशस्त्र डागताना जो दांडा ओढतात, तो ग्रास व्हॅली कंपनीच्या 1600-7के या खऱ्याखुऱ्या टीव्ही मिक्सरचा आहे. कळफलक दाखवून तो थरार आलाच नसता.

एका फ्रेममध्ये काय काय घडतं

आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला 50 चित्रं धरली, तर दोन चित्रांमध्ये फक्त 20 मिलिसेकंदांचं अंतर. ताशी 140 किलोमीटरने येणारा चेंडू तेवढ्यात सुमारे 78 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ताशी 25 किलोमीटरने पळणारा फलंदाज 14 सेंटिमीटर. धावबादचा निकाल याहून कितीतरी कमी अंतरावर ठरतो. म्हणून सेकंदाला 300 चित्रं टिपणारे कॅमेरे लागतात. त्यांच्यात तोच चेंडू दोन चित्रांमध्ये जेमतेम 13 सेंटिमीटर सरकतो. आणि म्हणूनच एकेक चित्र सरकवणारं चाक लागतं. मधलं चाक (जॉग) एकेक चित्र पुढेमागे नेतं. बाहेरची स्प्रिंगची कडी (शटल) जितकी पिळावी तितकं चित्र वेगाने धावतं, सोडली की आपोआप मधोमध येते. आधी कडीने आसपास पोचायचं, मग चाकाने नेमकं टिपायचं.

डर्बन ते आयपीएल

तिसऱ्या पंचाने रिप्ले पाहून बाद ठरवलेला कसोटीतला पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. नोव्हेंबर 1992, डर्बन, समोर दक्षिण आफ्रिका. जाँटी ऱ्होड्सचा थ्रो, मैदानावरचे पंच सिरिल मिचली, टीव्हीसमोर कार्ल लीबेनबर्ग. त्याच दौऱ्यात जोहान्सबर्गला स्टीव्ह बकनर यांनी ऱ्होड्सच्या धावबादसाठी रिप्ले मागितलाच नाही आणि तो वाचला. सोय असून उपयोग नाही, ती वापरायची सवयही लागते.

त्यानंतर कितीतरी वर्षं तिसरा पंच आणि चित्र यांच्यामध्ये प्रक्षेपणाचा दिग्दर्शक असायचा. पंच मागणार, दिग्दर्शक ऑपरेटरला सांगणार, तो शोधणार. आयपीएलने 2024 मध्ये ‘स्मार्ट रिप्ले’ पद्धत आणली. चेंडूचा माग काढणाऱ्या हॉक-आय यंत्रणेचे दोन ऑपरेटर थेट टीव्ही पंचाच्या खोलीत बसू लागले, हाताशी आठ हॉक-आय कॅमेऱ्यांची चित्रं. मधला मध्यस्थ गेला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण निर्णय घेणारा आणि चाक फिरवणारा आता एकमेकांशी थेट बोलतात.

वेगाचा दांडा न्यायनिवाडा बदलतो

हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. यूजीन करूसो आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं, की तीच हिंसक घटना संथ गतीने दाखवली तर बघणाऱ्यांना ती जास्त ‘जाणूनबुजून’ केलेली वाटते. कारण उघड आहे. संथ चित्रात करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ मिळाला असं आपल्याला भासतं. प्रत्यक्षात तो एक निमिष होता. म्हणजे पॅनेलवरचा दांडा थोडा खाली ओढला, की खेळाडूचा हेतू काळा दिसू लागतो!

फुटबॉलच्या व्हीएआर (व्हिडिओ साहाय्यक पंच) नियमांत म्हणूनच स्पष्ट म्हटलंय: धक्का कुठे लागला, चेंडू हाताला लागला का, अशा वस्तुस्थितीसाठी संथ गती वापरा. धक्का किती जोराचा होता हे ठरवायला चित्र नेहमीच्या वेगात बघा. क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या समालोचकांनीही एवढं पथ्य पाळलं तर किती बरं होईल.

पॅनेलवरचा माणूस किती जागा असतो, याचा दाखला 30 सप्टेंबर 2023 चा. इंग्लंडमध्ये टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुईस दियासने गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरने तपासलं, गोल वैध होता. पण मैदानावरचा मूळ निर्णयच ‘गोल’ होता अशा समजुतीत त्यांनी ‘तपासणी पूर्ण’ असं कळवून टाकलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. नंतर जाहीर झालेल्या ध्वनिमुद्रणात ऐकू येतं, की घोटाळा पहिल्यांदा लक्षात आला रिप्ले ऑपरेटरच्या. थांबा, मैदानावरचा निर्णय ऑफसाइड होता, असं त्यानेच सांगितलं. तोवर खेळ सुरू झालेला, आता हस्तक्षेप करता येत नाही असं व्हीएआर पंचांनी मानलं. टॉटनहॅमने सामना 2-1 असा जिंकला.

वाद्याचं यंत्र मैदानात

ईव्हीएसची यंत्रणा छोट्या आयोजकाच्या खिशाला परवडत नाही. पण ऑस्ट्रेलियाचं व्हीमिक्स हे सॉफ्टवेअर साध्या विंडोज कॉम्प्युटरवर चालतं, त्यात रिप्लेची सोय आहे, आणि त्याला चक्क संगीताची यंत्रं जोडता येतात. मिडी ही वाद्यांची भाषा 1983 ची, सिंथेसायझर एकमेकांशी बोलावेत म्हणून केलेली. अकाईचं एपीसी मिनी हे पॅनेल संगीतकारांसाठी बनलं: 64 बटणं, 9 सरकपट्ट्या. रिप्लेवाल्यांनी ते उचललं. बटणांवर क्लिपा, पट्टीवर वेग. मिडीत पट्टीचं मूल्य 0 ते 127 असतं, म्हणजे थांबलेल्या चित्रापासून पूर्ण वेगापर्यंत 128 पायऱ्या. हाताला एवढ्या बारीक पायऱ्या पुरेशा आहेत.

चाक हवं असेल तर काँटूरचं शटलप्रो. 2017 मध्ये आलेलं एल्गाटोचं स्ट्रीम डेक झकास दिसतं, कारण त्याच्या पंधराही बटणांवर चिमुकला पडदा आहे. पण त्या मूळ रूपात ना चाक ना दांडा, म्हणून नुसत्या त्याच्यावर संथ गती हवी तशी खेळवता येत नाही. आणि अगदीच काही नसेल, तर ओबीएस या फुकट सॉफ्टवेअरचा ‘रिप्ले बफर’ आहेच: एक कळ दाबली की मागचे ठरावीक सेकंद फाइलमध्ये उतरतात.

हे सगळं इथे लिहायचं कारण म्हणजे आपल्या गावोगावच्या टेनिस क्रिकेट आणि कबड्डीच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात, आणि मुलं अपुऱ्या साधनांत कमाल प्रक्षेपण करतात. आयोजकांना एवढंच सांगणं आहे: पुढच्या स्पर्धेचं अंदाजपत्रक करताना आणखी एक कॅमेरा घेण्याआधी एक पॅनेल घ्या. ते चालवायला एकच माणूस नेमा आणि त्याच्यावर दुसरं कुठलंही काम टाकू नका. सरावाच्या सामन्यात त्याला तीनच गोष्टी घोटायला लावा: मागचे आठ सेकंद उचलणं, वेग कमी करणं, वेळेवर थेट चित्राकडे परतणं. आणि शेवटी पडद्यावर नावं येतात, त्यात त्याचंही नाव द्या.