पृष्ठसाच्यातील पदावली आणि ‘गिरगांव’चा अनुस्वार

‘जेएसपी’ पृष्ठसाच्यात डॉलरचिन्ह व महिरपी कंस यांत लिहिलेली पदावली चुकली, तर दोष प्रथम बाह्य लक्षणावरून ओळखावा लागतो. पदावली जशीच्या तशी पृष्ठावर उमटली, तर तिचे मूल्य काढलेच गेलेले नाही. २००३ साली जेएसपी २.० मध्ये ही सोय साच्यात आली. परंतु मांडणीपत्रकात सर्व्हलेटची आवृत्ती २.३ वा तत्पूर्वीची नोंदलेली असल्यास ती बंदच राहते. कंस अपुरा राहिल्यास यंत्रच चूक दाखविते. तेथे फारसे अडत नाही.

खरी फसगत होते ती मूक दोषांत. ज्या नावाला मूल्यच पुरविलेले नाही, त्याची जागा निमूटपणे कोरी राहते. त्याहून फसवी समानतेची कसोटी. साच्यात ‘गिरगाव’ लिहिलेले असते. जुन्या ग्रंथनोंदींत मात्र प्रकाशनस्थळ ‘गिरगांव’ असे सानुस्वार असते. १९६२ च्या लेखननियमांनी हा अनुच्चारित अनुस्वार गेला. यंत्र चिन्हास चिन्ह ताडून पाहते, दोन्ही शब्द भिन्न ठरविते, आणि गिरगावातील जुने ग्रंथ यादीतून गळतात. पदावलीचे व्याकरण येथे निर्दोष असते. कंस तपासत बसणे व्यर्थ होय. तुलनेपुरती दोन्ही रूपे एक करावीत. मूळ नोंद मात्र बदलू नये. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेले रूप तेच असते.