पेल्यातले बुडबुडे आणि उसाचे पान

खत घातले की पीक जेवले, असे आपण सहज बोलून जातो. घरातली मुलेही तेच ऐकतात. पण खत हे पिकाचे जेवण नव्हे. फार तर मीठ-मसाला. स्वयंपाक होतो तो हिरव्या पानात. हे मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा सुटीच्या दिवशी घरीच करून दाखवावे.

काचेचे तीन पेले घ्या. तिन्हींत पाणी भरून प्रत्येकात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. विहिरीत, तळ्यात पाण्याखाली हिरवीगार वनस्पती वाढते. गावात तिला शेवाळ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात हायड्रिला. ती मोठ्या माणसानेच काढून आणावी. तिच्या वीतभर लांबीच्या दोन ताज्या काड्या कापा. शेंड्याला खडा बांधून, कापलेले टोक वर येईल अशी एकेक काडी दोन पेल्यांत बुडवा. तिसऱ्यात नुसतेच पाणी राहू द्या. तिन्ही पेले उन्हात ठेवा आणि काडीच्या एका पेल्यावर डबा पालथा घाला.

थोड्या वेळाने उघड्या पेल्यातल्या काडीच्या टोकातून बुडबुड्यांची माळ वर येऊ लागेल. एका मिनिटात किती आले ते मुलांना मोजू द्या. मग पेला सावलीत ठेवून पुन्हा मोजायला सांगा, आकडा उतरेल. डब्याखाली माळ दिसणार नाही. नुसत्या पाण्याच्या पेल्यात काचेला थोडे बुडबुडे चिकटतील, पण ते पाणी तापल्यामुळे. त्यांची माळ होत नाही.

हे बुडबुडे मुख्यतः प्राणवायूचे. पान कर्बवायू व पाणी घेते, उन्हाच्या बळावर त्यांची साखर करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. सोड्यातून पाण्यातल्या काडीला कर्बवायू मिळतो. शेतातले पीक तो हवेतून घेते. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. उजेडावाचून हे काम चालत नाही, हे यान इंगेनहाउझ या शास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवून दिले. वाळलेल्या पिकाच्या वजनाचा शंभरात नव्वदाहून अधिक भाग हवा आणि पाणी यांतूनच आलेला असतो. नत्र, स्फुरद, पालाश हवेतच. पण पान नसेल तर ती काय करतील?

एका टंचाईच्या वर्षी मी हा प्रयोग एका शेतकऱ्याच्या ओसरीवर केला. घरातले आजोबा म्हशीसाठी उभ्या उसाचा हिरवा पाला ओरबाडून आणत होते. नातीने बुडबुडे मोजले, भाऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "आबा, मग आपल्या उसाची साखर कोण करणार?" आबा गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "साहेब, म्हस उपाशी ठेवू का?"

प्रश्न खरा होता. दावणीचे जनावर उपाशी ठेवा, असे कोण सांगेल? पण हिरवे पान ओरबाडले की कांड्यात भरणारी साखर तुटते, वजन घटते. खालचा वाळलेला पाला काढायला हरकत नाही; वरची हिरवी पाने राखावीत. पाण्याच्या कडेला दोन-चार गुंठे मका किंवा कडवळ चाऱ्यासाठी आधीच पेरावे. तोडणीच्या वेळी वाढे मिळतेच.

पुढच्या हंगामात आबांनी पाटाकडेला कडवळ केले. नातीने बुडबुड्यांचे आकडे वहीत लिहून ठेवले होते. तुमच्या मुलांनाही लिहायला सांगा.